लाइन पडली, पण लॉग सर्व्हरवर नोंदच नाही

लक्षण असं आहे. रात्री एखाद्या शाखेची लाइन पडते आणि थोड्या वेळानं आपोआप उभी राहते. सकाळी तक्रार येते. लॉग सर्व्हर, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या नोंदी जिथे जमा होतात तो संगणक, उघडून त्या वेळेच्या ओळी चाळाव्यात, तर भलत्याच स्विचचे हजारो मेसेज सापडतात आणि ज्या राउटरबद्दल तक्रार आहे त्याची एकही ओळ नसते. मग कोणीतरी सेटिंग बदलतं. काही दिवस भरपूर लॉग येतात, सर्व्हरची डिस्क भरते, सेटिंग पुन्हा पूर्वीसारखं केलं जातं, आणि पुढच्या घटनेच्या वेळी हात पुन्हा रिकामेच.

आमच्याकडे हे तिसऱ्यांदा झालं तेव्हा प्रकरण नुसतं तांत्रिक राहिलं नाही. तालुक्याच्या गावातली एक शाखा रात्री २:४० ला अकरा मिनिटं बंद होती. लाइन देणारी कंपनी म्हणाली, आमच्या बाजूनं सगळं चालू होतं. आमच्याकडे दाखवायला लॉग नव्हता. मग बैठकीत ठरून गेलं की रात्रपाळीच्या वॉचमननं मेन स्विच बंद केला असणार. त्या माणसानं काहीही केलेलं नव्हतं, पण ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि त्याचा मला फार त्रास झाला. शेवटी थेट त्या राउटरवर लॉगिन करून ‘शो व्हर्जन’ बघितलं. राउटर कित्येक आठवडे सलग चालू होता, म्हणजे वीज बंद झालेलीच नव्हती. मग ‘शो लॉगिंग’ दिलं. राउटरच्या स्वतःच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, ती ओळ शांतपणे बसलेली होती: ओएसपीएफ-५-एडीजेसीएचजी, शेजारी फुल स्थितीतून डाऊन, कारण डेड टायमर संपला. (ओएसपीएफ ही राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत. शेजारच्या राउटरची हाक ठरावीक वेळात आली नाही की डेड टायमर संपतो.) इंटरफेस पडल्याची ओळ मात्र नव्हती. पोर्ट चालू, पण पलीकडचं काही पोचत नाही; म्हणजे बिघाड कंपनीच्या जाळ्यात आतमध्ये कुठेतरी. वॉचमनवरचा ठपका त्याच दिवशी मागे घेतला गेला.

राउटरला सगळं माहीत होतं. त्यानं ते सर्व्हरला सांगितलं नाही, कारण सांगू नकोस असं आम्हीच त्याला सांगून ठेवलं होतं. कॉन्फिगरेशनमध्ये ही एक ओळ होती:

लॉगिंग ट्रॅप वॉर्निंग्ज

तुमच्याकडेही हेच लक्षण असेल तर बहुतेक वेळा मूळ इथेच सापडेल. म्हणून आधी याबद्दल सविस्तर लिहितो, बाकीची कारणं नंतर. उदाहरणं प्रामुख्यानं आयओएसची, म्हणजे सिस्कोच्या राउटर-स्विचवर चालणाऱ्या प्रणालीची आहेत, कारण मी रोज तेच हाताळतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रावर नेहमीच्या रोमन अक्षरांतच द्यायच्या. सर्व्हरचा पत्ता म्हणून १९२.०.२.१० हा नमुन्याचा पत्ता वापरला आहे.

आकड्यावर विसंबलात की फसलात

सिसलॉग म्हणजे यंत्रांनी लॉग सर्व्हरला मेसेज पाठवण्याची पद्धत. तिच्या प्रत्येक मेसेजला ० ते ७ असा गांभीर्याचा आकडा असतो. ० इमर्जन्सी, १ अलर्ट, २ क्रिटिकल, ३ एरर, ४ वॉर्निंग, ५ नोटिफिकेशन, ६ इन्फर्मेशनल, ७ डीबग. आकडा जितका लहान तितकी गोष्ट गंभीर. ‘ट्रॅप वॉर्निंग्ज’ म्हणजे सर्व्हरला ० ते ४ पाठव, ५, ६, ७ पाठवू नकोस. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. इशारे आणि चुका येऊ देत, नुसती माहिती कशाला हवी?

अडचण अशी की हा आकडा मेसेज लिहिणाऱ्या प्रोग्रामरनं ठरवलेला असतो. तुमच्या जाळ्यात त्या घटनेला किती महत्त्व आहे हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही. प्रत्यक्षात कोणत्या घटनेला कोणता आकडा मिळालेला आहे ते बघा.

ऑफिसात कोणी सकाळी पीसी चालू केला, पोर्ट वर आला: लिंक-३-अपडाऊन. नावातला मधला आकडा गांभीर्याचा, म्हणजे ‘एरर’.

दोन स्विचमधल्या ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी जाळी) वाहून नेणाऱ्या जोडणीवर, नेटिव्ह व्हीलॅन (खूण नसलेली पॅकेटं ज्यात जातात तो) जुळत नाही: सीडीपी-४-नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच. म्हणजे ‘वॉर्निंग’, आणि जुळत नाही तोवर येतच राहणार.

ओएसपीएफचा शेजारी तुटला: ५. बीजीपीचा शेजारी तुटला: ५. ईआयजीआरपीचा शेजारी तुटला: ५. (याही वाटा कळवण्याच्याच पद्धती.) एचएसआरपीमध्ये, म्हणजे एक राउटर पडला की दुसऱ्यानं काम घेण्याच्या सोयीत, मुख्य राउटर बदलला: ५. लाइन प्रोटोकॉल खाली गेला: ५. कोणीतरी कॉन्फिगरेशन बदललं, म्हणजे सिस-५-कॉन्फिग-आय: ५. आणि राउटर रीस्टार्ट झाला, सिस-५-रीस्टार्ट: तोही ५.

म्हणजे ‘ट्रॅप वॉर्निंग्ज’ लावल्यावर लिपिकानं पीसी चालू केल्याची बातमी सर्व्हरवर पोचते, आणि अख्खी शाखा तुटल्याची, राउटर पुन्हा सुरू झाल्याची, रात्री कोणीतरी कॉन्फिगरेशनला हात लावल्याची बातमी गळून पडते. आमच्याकडे नेमकं हेच चाललं होतं. यशस्वी लॉगिनची नोंद चालू केलेली असेल तर तीही ५ मध्येच येते. अयशस्वी लॉगिन तेवढं ४ मध्ये. म्हणजे चोर कुलपाशी झटापट करत असेल तर कळेल, आत शिरला तर कळणार नाही.

म्हणून पहिला उपाय हा:

लॉगिंग ट्रॅप इन्फर्मेशनल

ही मूळची, कंपनीनंच ठेवलेली पातळी आहे. कुणी मध्ये हात घातला नसता तर राउटर याच पातळीवर चालत राहिला असता. एवढं नकोच असेल तर ‘नोटिफिकेशन्स’, म्हणजे ५, पर्यंत खाली या. त्याच्या खाली मी कोणत्याही राउटरला जाऊ देत नाही.

मग मेसेजच्या पुराचं काय?

इथेच पुढची व्यक्ती म्हणते, ‘अहो, पण डिस्क भरते म्हणून तर वॉर्निंग्ज केलं होतं.’ बरोबर आहे. आकडा वर-खाली करून हे चक्र कधी थांबत नाही, कारण पूर आणि कामाची माहिती बहुधा एकाच आकड्यात किंवा उलट्या क्रमानं असतात. पूर अडवायचा तर मेसेजच्या नावानं अडवावा लागतो. त्याही आधी तो कुठून येतोय हे बघावं लागतं.

सर्व्हरवर एका दिवसाची फाइल घ्या, टक्क्याच्या खुणेनंतर येणारं नाव वेगळं काढा आणि कोणतं नाव किती वेळा आलंय ते मोजा. ग्रेप, सॉर्ट आणि युनिक एवढ्यावर हे काम होतं. आमच्या फाइलमध्ये वरची तीन-चार नावं सोडली तर उरलेला ढीग अगदी किरकोळ होता. वरची नावं ही:

नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच. सीडीपीचं, म्हणजे सिस्कोची यंत्रं शेजाऱ्याला आपली ओळख सांगतात ते पॅकेट दर ६० सेकंदांनी येतं, म्हणून ही ओळही दर मिनिटाला. दिवसाला १,४४० ओळी, त्याही एका बाजूनं. पलीकडचा स्विचही तेवढ्याच पाठवतो. याला फिल्टर लावायचाच नाही. दोन्ही बाजूंचा नेटिव्ह व्हीलॅन सारखा करायचा, दोन मिनिटांचं काम आहे. डुप्लेक्स मिसमॅचचंही (एक बाजू एकाच वेळी पाठवते-घेते, दुसरी आळीपाळीनं) तसंच, फक्त तिथे प्रत्यक्ष वेगही मार खात असतो, तेव्हा ते आधी घ्या.

मॅक फ्लॅप, म्हणजे एसडब्ल्यू-एमएटीएम-४-मॅकफ्लॅप-नोटिफ. एकच मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, कधी या पोर्टवर तर कधी त्या पोर्टवर दिसतोय. इथे घाई करू नका. कुणी टेबलाखाली स्वस्तातला स्विच लावून त्याच्या दोन वायरी भिंतीतल्या दोन पॉइंटमध्ये खुपसल्या असतील तर तो लूप आहे, पॅकेटं त्यात गोल गोल फिरत राहतात, आणि हा मेसेज म्हणजे त्याचा धूर. तो दाबला तर आग लागल्यावरच कळेल. सर्व्हरच्या दोन नेटवर्क कार्डांची जोडणी अर्धवट झाली असेल तरीही हेच दिसतं. तीही दुरुस्त करता येते. वायफायवरचा फोन एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जातोय म्हणून येत असेल तर मात्र ते रोजचंच आहे, आणि तेवढंच दाबायला हरकत नाही.

पीसीच्या पोर्टांचं वर-खाली होणं. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पीसीचे पोर्ट एकत्र निवडून त्यांच्यावर ‘नो लॉगिंग इव्हेंट लिंक-स्टेटस’ द्या. अपलिंक, सर्व्हर आणि ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टांवर चुकूनही देऊ नका. ‘इंटरफेस रेंज’ टाइप करताना शेवटचा आकडा नीट बघा. ही चूक फार सहज होते आणि लक्षात यायला महिने लागतात.

ॲक्सेस लिस्टच्या, म्हणजे कोणती वाहतूक जाऊ द्यायची याच्या नियमांच्या, ओळी. प्रत्येक नियमाच्या शेवटी ‘लॉग’ शब्द लावायची काहींना सवय असते. त्या ओळी ६ मध्ये येतात आणि इन्फर्मेशनल केल्या केल्या धो-धो सुरू होतात. जिथे खरंच बघायचं आहे तिथेच तो शब्द ठेवा.

एवढं केल्यावर आमचा पूर ओसरला. जे उरलं त्याच्यासाठी डिस्क्रिमिनेटर आहे. आयओएसमधली ही सोय फार कमी जण वापरतात. मेसेजच्या नावावरून फिल्टर असा बनवायचा:

लॉगिंग डिस्क्रिमिनेटर गाळणी निमॉनिक्स ड्रॉप्स मॅकफ्लॅप-नोटिफ

आणि तो सर्व्हरच्या ओळीला जोडायचा:

लॉगिंग होस्ट १९२.०.२.१० डिस्क्रिमिनेटर गाळणी

‘गाळणी’ हे नाव माझं. यंत्रावर ते रोमन अक्षरांत, आठ अक्षरांच्या आत आणि मोकळी जागा न सोडता द्यायचं. मेसेजच्या नावात जिथे अधोरेखा आहे तिथे अधोरेखाच द्या. एकापेक्षा जास्त नावं गाळायची असतील तर मध्ये उभी रेघ टाका.

दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, ‘ड्रॉप्स’ आणि ‘इन्क्लूड्स’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘इन्क्लूड्स’ म्हणजे फक्त एवढेच जाऊ देत, बाकी सगळे बंद. ‘हे पण घे’ असा अर्थ समजून एका सहकाऱ्यानं ते लावलं आणि राउटर जवळजवळ मुका झाला. दुसरं, एकाच डिस्क्रिमिनेटरमध्ये फॅसिलिटी (मेसेज यंत्राच्या कोणत्या भागाचा), निमॉनिक (मेसेजचं नाव) आणि मजकूर अशा तीन-चार अटी कोंबू नका. ‘फॅसिलिटी ड्रॉप्स सीडीपी’ म्हटलंत तर सीडीपीचे सगळेच मेसेज जातील, तुम्हाला नको असलेला एकच नाही. एक गाळणी, एक प्रकारची अट, एवढंच ठेवलं की सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही कळतं.

लावल्यावर ‘शो लॉगिंग’मध्ये सर्व्हरच्या नावाखाली ‘ड्रॉप्ड-बाय-एमडी’ असा आकडा दिसतो. गाळणीनं किती ओळी अडवल्या ते तो सांगतो. हा आकडा अचानक वाढला तर वाढू दे म्हणून सोडू नका; पुराचं मूळ पुन्हा जागं झालंय.

ज्युनिपर हाताळणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे ‘सेट सिस्टिम सिसलॉग होस्ट’ या ओळीत प्रत्येक फॅसिलिटीला वेगळी पातळी देता येते, आणि नको असलेला मजकूर ‘मॅच’मध्ये उद्गारचिन्हानं सुरू होणारा पॅटर्न देऊन वगळता येतो. ‘इंटरॅक्टिव्ह-कमांड्स एनी’ जरूर ठेवा, कोणी काय टाइप केलं ते त्यातूनच कळतं.

पातळी बरोबर आहे, तरी ओळ पोचत नाही

आता दुसरा वर्ग. ‘शो लॉगिंग’मध्ये ट्रॅप इन्फर्मेशनल आहे, सर्व्हरच्या नावापुढे पाठवलेल्या ओळींचा आकडा वाढतोय, तरी फाइल रिकामी. त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. सिसलॉग मुळात यूडीपीच्या ५१४ पोर्टवरून जातो आणि यूडीपीला पोच नसते. पत्र पेटीत टाकलं एवढंच राउटर मोजतो.

कोणत्या वाटेनं टाकलं हेही बघा. अनेक स्विचवर व्यवस्थापनाचा पोर्ट वेगळ्या व्हीआरएफमध्ये, म्हणजे स्वतंत्र राउटिंग टेबलमध्ये, असतो. तिथे ‘लॉगिंग होस्ट १९२.०.२.१० व्हीआरएफ’ आणि पुढे त्या व्हीआरएफचं नाव असं लिहिलं नाही तर राउटर मुख्य राउटिंग टेबलमध्ये वाट शोधतो, आणि पॅकेट कुठेच जात नाही. ‘लॉगिंग सोर्स-इंटरफेस लूपबॅक०’ द्यायलाही विसरू नका. (लूपबॅक हा राउटरच्या आतला आभासी इंटरफेस, लाइन पडली तरी तो पडत नाही.) नाहीतर ज्या वाटेनं पॅकेट निघेल त्या इंटरफेसचा पत्ता लागतो, लाइन बदलली की पत्ता बदलतो, आणि सर्व्हरवर एकच राउटर तीन नावांनी दिसतो.

मग सर्व्हरवर या. टीसीपीडम्प, म्हणजे येणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम, लावा, यूडीपी पोर्ट ५१४, आणि त्या राउटरचा पत्ता. राउटरवर कॉन्फिगरेशन मोडमध्ये जाऊन काही न बदलता बाहेर या. सिस-५-कॉन्फिग-आय ही ओळ निघालीच पाहिजे. टीसीपीडम्पमध्ये ‘लोकल७.नोटिस’ असं दिसलं की पॅकेट दारापर्यंत आलं. (कच्च्या पॅकेटमध्ये सुरुवातीला १८९ दिसेल. लोकल७ ही सिसलॉगची फॅसिलिटी, म्हणजे मेसेजचा गट, तिचा क्रमांक २३. २३ गुणिले ८ अधिक ५ म्हणजे १८९. गांभीर्य ओळखायला हा हिशेब फार उपयोगी पडतो: १८७ एरर, १८८ वॉर्निंग, १९० इन्फर्मेशनल.)

टीसीपीडम्पमध्ये दिसतं पण फाइलमध्ये नाही, ही स्थिती सगळ्यात चकवणारी. मला यात आजवर भेटलेली कारणं अशी.

सर्व्हरचा स्वतःचा फायरवॉल. टीसीपीडम्प पॅकेट फायरवॉलच्या आधी बघतो, म्हणून तिथे दिसणं म्हणजे आत शिरणं नव्हे. यूडीपी ५१४ उघडा. घाईत टीसीपी ५१४ उघडलेला मी पाहिला आहे.

आरपी-फिल्टर. यानं माझे दोन दिवस खाल्ले. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड होती. राउटरचा लूपबॅक पत्ता एका कार्डावरून आत येत होता, पण सर्व्हरच्या राउटिंग टेबलप्रमाणे त्या पत्त्याकडे जायची वाट दुसऱ्या कार्डावरून होती. लिनक्समध्ये आरपी-फिल्टर १ वर असेल तर असं पॅकेट कर्नल गुपचूप टाकून देतो. फायरवॉलमध्ये नोंद नाही, आरसिसलॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरवर लॉग घेऊन फाइलमध्ये लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये, नोंद नाही. कर्नलचे आकडे दाखवणाऱ्या ‘एनस्टॅट’मध्ये ‘आयपी-रिव्हर्स-पाथ-फिल्टर’ हा आकडा वाढताना दिसला तेव्हा कोडं सुटलं. लूपबॅकच्या पट्ट्यासाठी सर्व्हरवर योग्य रूट टाकणं हा खरा उपाय. ते शक्यच नसेल तर फिल्टर २ वर, म्हणजे सैल ठेवा.

ओळी भलत्याच फाइलमध्ये जाणं. सिस्कोची मूळ फॅसिलिटी लोकल७. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर आरसिसलॉगच्या मूळ फाइलमध्ये लोकल७ चे मेसेज ‘बूट.लॉग’कडे वळवलेले असतात. माणूस दुसरीकडे शोधत बसतो आणि राउटरचे लॉग बूट.लॉगमध्ये साठत राहतात. नेटवर्कच्या लॉगसाठी वेगळा रूलसेट करा आणि तो यूडीपीच्या इनपुटला बांधा, म्हणजे मूळ नियमांशी गाठच पडत नाही.

विचित्र नावाचे फोल्डर. प्रत्येक यंत्राच्या नावाचा फोल्डर आपोआप बनावा म्हणून होस्टनेमचा टेम्प्लेट लावला, आणि ‘२९:’, ‘३०:’, ‘३१:’ असे शेकडो फोल्डर तयार झाले. कारण सिस्को मेसेजच्या सुरुवातीला क्रमांक टाकतो आणि आरसिसलॉग त्यालाच यंत्राचं नाव समजतो. सिसलॉग १९८०च्या दशकात सेंडमेल या ईमेलच्या प्रोग्रामबरोबर जन्माला आला. चालू वापर कागदावर उतरवणारं आरएफसी ३१६४ आलं २००१ मध्ये, आणि नीट बांधलेलं आरएफसी ५४२४ आलं २००९ मध्ये. तोवर प्रत्येक कंपनीनं आपापली वाट धरलेली होती. फोल्डरसाठी होस्टनेमऐवजी पाठवणाऱ्याचा आयपी वापरा, म्हणजे ‘फ्रॉमहोस्ट-आयपी’. वर लूपबॅकचा आग्रह धरला तो यासाठीही. मेसेजचे भाग नीट सुटे करून हवे असतील तर आरसिसलॉगचं ‘पीएम-सिस्को-आयओएस’ हे मॉड्यूल लावा.

सगळं ठीक, पण गर्दीच्या वेळी मधल्या ओळी गायब. ‘नेटस्टॅट’मध्ये यूडीपीच्या खाली रिसीव्ह बफर एरर वाढतायत का बघा. वाढत असतील तर कर्नलची ‘आरमेम-मॅक्स’ मर्यादा आणि आरसिसलॉगचा रिसीव्ह बफर दोन्ही वाढवा. डीएनएसही तपासा, प्रत्येक पत्त्याचं नाव शोधताना डीएनएस अडकला तर आरसिसलॉगही रेंगाळतो, आणि नेमकी लाइन पडल्यावर डीएनएस अडकतोच.

दर आठवड्याला ठरावीक वेळी लॉग थांबत असतील तर लॉगरोटेट, म्हणजे जुन्या लॉग फाइल बाजूला करून पुसणारा प्रोग्राम, बघा. नव्या फोल्डरांसाठी लिहिलेल्या नियमात फाइल फिरवल्यावर आरसिसलॉगला एचयूपी सिग्नल (नवी फाइल उघड, असा इशारा) देणारी ओळ राहिली असेल, तर तो जुन्याच फाइलमध्ये लिहीत बसतो.

लाइन पडल्याची बातमी त्याच लाइनवरून कशी जाणार?

हा प्रश्न साधा आहे, पण आराखडा करताना विसरला जातो. शाखेला एकच लाइन असेल तर ती पडल्याचा मेसेज शाखेच्या राउटरवरून त्या क्षणी बाहेर पडूच शकत नाही, आणि यूडीपी असल्यामुळे नंतर पुन्हाही पाठवला जात नाही. मुख्य कार्यालयाकडचा राउटर आपल्या बाजूची ओळ पाठवेल, म्हणून त्याचे लॉग कधीही कापू नका. शाखेची बाजू मात्र फक्त तिथल्या बफरमध्ये राहते.

म्हणून बफरला मान द्या. अनेक यंत्रांवर तो मूळचा फक्त ४,०९६ बाइटचा असतो. एक ओळ साधारण १०० बाइटची धरली तर जेमतेम चाळीस ओळी. मॅक फ्लॅपच्या पुरात त्या मिनिटभरात पुसल्या जातात. आमच्या शाखेचा राउटर शांत होता म्हणून त्या वॉचमनचा बचाव झाला. तीच ओळ मुख्य स्विचवर असती तर सकाळपर्यंत टिकली नसती. ‘लॉगिंग बफर्ड ६५५३६ इन्फर्मेशनल’ करा. तरीही रीस्टार्ट झाला की बफर पुसतो, हे लक्षात ठेवा. लाइन पडली आहे अशी तक्रार आली की पहिलं काम ‘शो लॉगिंग’ची प्रत काढून ठेवणं. ‘एकदा बंद करून चालू करा’ हे शाखेला सांगायच्या आधी.

आणखी एक बारकावा. ओएसपीएफचा डेड टायमर इथरनेटवर साधारणपणे ४० सेकंदांचा असतो, बीजीपीचा होल्ड टायमर १८० सेकंदांचा. म्हणजे ओएसपीएफच्या ओळीत २:४०:४० लिहिलं असेल तर शेवटचं हॅलो पॅकेट, म्हणजे शेजाऱ्याची हाक, २:४० ला आलं होतं. लाइनच्या कंपनीशी वेळेवरून वाद घालताना हे हाताशी असू द्या.

वेळ जुळत नाही

कॉन्फिगरेशनमध्ये ‘लोकलटाइम’ नसेल तर आयओएस यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं. आपली वेळ साडेपाच तास पुढे. रात्री २:४० ची घटना आदल्या तारखेच्या २१:१० ला सापडते, आणि आपण २:४० च्या आसपास शोधून ‘नोंद नाही’ म्हणून फाइल बंद करतो. तिसऱ्या घटनेच्या वेळी मीही आधी चुकीच्या तारखेत शोधत होतो. सगळ्या यंत्रांवर एकच ठेवा:

क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०
सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम एमसेक लोकलटाइम शो-टाइमझोन

वेळेच्या आधी तारांकन दिसलं तर त्या यंत्राचं घड्याळ कधी लावलेलंच नाही. नुसतं टिंब दिसलं तर एनटीपीशी, म्हणजे जाळ्यावरून घड्याळ लावणाऱ्या सर्व्हरशी, जुळलेलं होतं पण संपर्क तुटला. दोन्हींकडे डोळेझाक करू नका. सर्व्हरवर टेम्प्लेटमध्ये मेसेजमधल्या वेळेबरोबर मेसेज पोचल्याची वेळही, म्हणजे ‘टाइमजनरेटेड’, लिहा. राउटरचं घड्याळ चुकलं तरी ती वेळ हाती राहते.

भारतात यंत्रणा चालवणाऱ्यांसाठी हा आता नियमाचाही भाग आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे आहेत, आणि घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. लॉगरोटेटची मूळची ‘दर आठवड्याला, चार प्रती’ ही मांडणी महिन्याभरातच फाइल पुसते, तेव्हा ती बदला. आणि वर सांगितलेला नेटिव्ह व्हीलॅनचा एक न जुळणारा ट्रंक १८० दिवसांत एका बाजूनं २,५९,२०० ओळी लिहितो. डिस्क मागण्याआधी तो दुरुस्त करा.

फायरवॉलचे लॉग टीसीपीवर नेत असाल तर

यूडीपीत ओळी हरवतात म्हणून सिसलॉग पोच देणाऱ्या टीसीपीवर न्यायचा विचार योग्यच आहे. पण सिस्को एएसए फायरवॉलवर ‘लॉगिंग परमिट-होस्टडाऊन’ दिलंय का हे आधी बघा. ते नसेल आणि टीसीपीचा लॉग सर्व्हर बंद पडला, तर फायरवॉल नवी कनेक्शनच नाकारू लागतो. लॉग सर्व्हरची डिस्क भरली आणि अख्ख्या ऑफिसचं इंटरनेट गेलं, अशी तक्रार आली तर इथे बघा. ज्यांना नोंदीशिवाय एकही कनेक्शन चालणार नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे. तुम्हाला ती हवी आहे की नाही हे कामाच्या दिवशी दुपारी कळू नये. तिथे गाळणीही सोपी आहे. प्रत्येक मेसेजला क्रमांक असतो, ‘नो लॉगिंग मेसेज ३०२०१३’ म्हटलं की टीसीपी कनेक्शन उघडल्याची ओळ बंद. पण ती बंद करण्याआधी सुरक्षा बघणाऱ्या सहकाऱ्यांना विचारा. कोण कोणाशी बोललं याचा शोध त्यांना याच ओळींतून घ्यावा लागतो.

चाचणी कशी घ्यायची

पुढची लाइन पडेपर्यंत वाट बघायची नाही. आयओएसवर ‘सेंड लॉग ५’ आणि पुढे काहीही मजकूर दिला की पातळी ५ ची खरी ओळ तयार होते. मुद्दाम ५ देतो, कारण आमची गळती तिथेच होती. त्याच्या जोडीला एक रिकामा लूपबॅक इंटरफेस, समजा ९९ क्रमांकाचा, बनवून शटडाऊन करतो आणि परत चालू करतो. पोर्ट आणि लाइन प्रोटोकॉल दोन्हींच्या ओळी यायला हव्यात. नंतर तो काढून टाकतो. यात चालू वाहतुकीला धक्का लागत नाही.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्या यंत्रांवर एका स्क्रिप्टनं ही चाचणीची ओळ जाते, मजकुरात त्या दिवसाची तारीख. सर्व्हरवर ती तारीख शोधायची आणि यंत्रांच्या यादीशी ताळा करायचा. जे यंत्र यादीत आहे पण लॉगमध्ये नाही, त्याच्यावर त्याच दिवशी जायचं. गेल्या वेळी एकच स्विच राहिला होता. जळालेल्या स्विचच्या जागी नवा बसवताना जुनीच कॉन्फिगरेशन फाइल चढवली गेली होती, आणि तिच्यात अजून ‘ट्रॅप वॉर्निंग्ज’ होतं. ती फाइल आता साठ्यातूनही काढून टाकली आहे.